इग्लूचा पाठ

बाईंचं टाचण मी चोरून वाचायचे, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे याहून मोठं कबूल करायचं आहे, त्यामानाने हे काहीच नाही.

टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवणार ते शिक्षकाने आदल्या दिवशी लिहून ठेवायची वही. आम्हा शिक्षकांच्या जगात या वहीला फार मान. ती मुख्याध्यापक तपासतात, वरचे साहेब तपासतात, आणि तीत लिहिलंय तसं वर्गात काही घडत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाई मात्र टाचण शाळा सुटल्यावर लिहायच्या. "उद्याचं आज कसं लिहू? उद्या काय होणार ते मला काय माहीत?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या वहीत अशा नोंदी सापडायच्या: 'सहावी, अपूर्णांकांचा भागाकार. उलटा करून का गुणायचं, असं मुलांनी विचारलं. मी म्हणाले, नियम आहे. हे उत्तर नव्हे.' किंवा: 'सातवी, भूगोल. पाचव्या तासाला मला झोप येत होती. मुलांनाही.'

मुख्याध्यापक सर न वाचताच प्रत्येक पानाखाली सही ठोकायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं ते झोपेचं पान उघडलं.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"झोप येत होती, सर."

"अहो, पण मग लिहायचं कशाला?"

"मग वही कशाला ठेवायची?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. साहेबांनी वही मिटली आणि पोषण आहाराच्या खोलीकडे मोर्चा वळवला. हा किस्सा मला मुख्याध्यापक सरांनीच सांगितला, कपाळाला हात लावून.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सोळा आठवडे एका शाळेत जाऊन शिकवावं लागायचं. शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर एक पाठ, शाळेचा दाखला, आणि सुटका. बाकीच्या मुलींना स्टेशनजवळच्या शाळा मिळाल्या. माझी मैत्रीण प्राची तर घरून चालत दोन मिनिटांवर. मला मिळाली ती मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, जंगलातल्या पाड्यांवरच्या मुलांची शाळा. बस शेवटच्या स्टॉपला सोडायची. पुढे पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने पंचवीस मिनिटं चालायचं. रिक्षावाले नाव ऐकूनच मान फिरवायचे. शाळेपाशी मोबाइलला रेंज नाही, आणि बिबट्यामुळे उजेड असेतो घरी निघायचं. पत्त्यात मात्र मुंबई. प्राची म्हणाली, "वाट लागली तुझी! तुला तर डायरेक्ट उत्तर ध्रुव मिळालाय, यार." मी रडकुंडीला आले होते, त्यामुळे हसले नाही.

पहिल्या दिवशी साडी नेसून, निऱ्या हातात धरून, चिखल तुडवत शाळेत शिरले. व्हरांड्यात एक पन्नाशी ओलांडलेल्या बाई उभ्या. अंगावर सुती साडी आणि पायात पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलांना पांढरे बूट सक्तीचे आहेत, मग मला का नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. दर शनिवारी त्या मुलांबरोबर बसून बुटांना खडू फासायच्या.

"साडी कोणासाठी?" त्यांनी मला विचारलं.

"कॉलेजचा नियम आहे."

"मग ठीक. मला वाटलं माझ्यासाठी."

तेव्हा मला त्या खवचट वाटल्या. खवचटपणा त्यांच्यात नव्हताच, हे कळायला महिना लागला. त्यांच्या मनात जे असे तेच तोंडात येई. सहकारी शिक्षिकेने नवी साडी दाखवली तर म्हणायच्या, "रंग नाही आवडला. काठ बरा आहे." माझा पहिला पाठ बघून त्यांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'मुलं हिच्याकडे बघत होती, ही घड्याळाकडे बघत होती.' मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. मधल्या सुट्टीत त्या खिडकीपाशी उभ्यानेच डबा खायच्या आणि झाकणात सुकटीची चटणी काढून माझ्यापुढे सरकवायच्या.

हजेरीची त्यांची पद्धतही उलटी. आलेल्यांची नावं त्या पुकारायच्याच नाहीत. जे आले नसतील त्यांची नावं फळ्यावर लिहायच्या आणि एकेकाची चौकशी करायच्या. हा का नाही आला? त्याच्या घराकडून कोण येतं? जाताना डोकावून या. "आलेत ते समोर दिसतायत," त्या म्हणायच्या, "त्यांची काळजी कशाला?" कुठल्याशा योजनेसाठी पटावरची हजेरी भरीव दिसायला हवी म्हणून सर गयावया करायचे. बाई पेन त्यांच्यापुढे धरून म्हणायच्या, "तुम्ही लिहा, सर. माझ्या हाताने नाही होणार." सरांच्या हातानेही मग व्हायचं नाही.

पवईच्या एका ऑफिसातली मंडळी एकदा दप्तरं आणि गोष्टींची पुस्तकं वाटायला आली. त्यांतल्या एकीने मोबाइलवर शूटिंग करत विचारलं, "मुलांना वाचनाची आवड आहे ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही लागली. आणि ही पुस्तकं इंग्रजी आहेत. मराठी आणली असती तर लागली असती कदाचित."

ती मंडळी पुन्हा आली नाहीत. सर आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. मी मात्र घरी जाऊन हा प्रसंग रंगवून सांगितला. बाईंच्या नकला मी फार छान करायचे. मैत्रिणींमध्ये त्या नकलांना मागणी होती.

मग मला ताप आला. शाळेतच अंग भाजायला लागलं. बाईंनी वर्ग सरांकडे सोपवला, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि मला बसपर्यंत सोडायला निघाल्या. वाटेत थांबत, बसत आम्ही तासभर चालत होतो. तापातच मी विचारलं, "बाई, तुम्ही कधीच खोटं बोलत नाही? थोडंसुद्धा?"

त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, घर भांडुपच्या चाळीत. मायेने किंवा रागाने बोलल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची.

"माका जमणा नाय गो," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून: "हे बघ. या पोरांना सगळेच काहीतरी सांगून जातात. रस्ता होणार, लाइट येणार, दवाखाना येणार. साहेब येतो, सांगून जातो. मत मागायला येतो तो पण सांगून जातो. काही येत नाही. मग एक तरी माणूस असं नको त्यांना, की त्याने सांगितलं म्हणजे झालं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. पाड्यावरच्या एका आईनेच मला कोविडच्या लशीची गोष्ट सांगितली होती. लस द्यायला आलेले लोक सांगत होते, काही होत नाही, घाबरू नका. पाडा दारं लावून बसला. मग बाई गेल्या आणि म्हणाल्या, "ताप येणार. हात दुखणार. मला दोन दिवस आला. तरी घ्या." दुसऱ्या दिवशी रांग लागली. मुलीला पुढे शिकवायचं की नाही हेसुद्धा आईबाप त्यांनाच विचारायचे, कारण 'हिला जमेल' हे त्या जमणार असेल तरच म्हणायच्या. बाईंकडे दुसरं काही नव्हतं. एवढा एक शब्द होता, आणि पाड्याला तो पुरत होता.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

शेवटच्या पाठाला मी विषय निवडला, 'बर्फाळ प्रदेशातील लोकजीवन'. कारण सरळ होतं. प्राचीकडे मागच्या वर्षीच्या मुलीने केलेला थर्माकोलचा इग्लू होता, आणि तो मला आयता मिळणार होता. थर्माकोलवर बंदी आली तरी बीएडच्या मुलींकडे तो कुठून ना कुठून उगवतोच. विषय ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, "तिथेही अशीच कोणी बीएडची मुलगी नेमली असेल. ती आपल्यावर पाठ घेत असेल. बिबट्यांच्या प्रदेशातील लोकजीवन."

पाठाआधीचे तीन दिवस बाई मतदार याद्यांच्या कामाला जाणार होत्या. शिक्षकांना ही कामं चुकत नाहीत. जाताना मला म्हणाल्या, "पाठ नवा ठेव हां. पोरांना आधी सांगून ठेवू नको. परीक्षकांनी विचारलं तर मला खरं सांगायला लागेल."

"हो बाई," मी म्हटलं.

आणि तिन्ही दिवस मी पाठ बसवला. नाटक बसवतात तसा. आमच्याकडे सगळ्याच मुली बसवायच्या. त्यात काही गैर आहे असं कोणी मानत नसे, फक्त परीक्षकांना कळता कामा नये. कळलं तर पाठ रद्द, वर्ष वाया. घाटकोपरच्या एका शाळेने मला जूनपासून घ्यायचं कबूल केलं होतं. निकाल हातात हवा, एवढीच त्यांची अट होती. मी कोण काय उत्तर देणार ते ठरवलं, कोणी गप्प बसायचं ते ठरवलं. तिसऱ्या दिवशी वनिता नावाची मुलगी म्हणाली, "ताई, उद्या पण हेच? आम्हाला येतं ना आता सगळं."

"उद्या येत नाही असं दाखवायचं," मी म्हटलं. "विचार करतोय असं दाखवायचं."

बाईंच्या वर्गाला मी हे शिकवलं.

पाठाच्या दिवशी परीक्षक सर दाराजवळच्या खुर्चीत बसले. बाई मागच्या बाकावर, मुलांच्या रांगेत. इग्लू टेबलावर, माझ्या निळ्या ओढणीने झाकलेला. थंडी वाजली की आपण काय करतो, असं विचारून मी सुरुवात केली. शेकोटी पेटवतो, गोधडी घेतो, अशी छान उत्तरं आली. मग मी विचारलं, "जिथे वर्षभर बर्फच बर्फ असतो, तिथली माणसं कशी राहत असतील बरं?" आणि वर्गातल्या एकतीस मुलांनी एकाच वेळी हनुवटीला बोट लावलं. घाईघाईने मी टेबलाकडे गेले आणि ओढणीच्या टोकाला हात लावला.

"इग्लू!" अख्खा वर्ग ओरडला.

ओढणी अजून जागेवरच होती.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. मला काहीच विचारलं नाही. मागच्या बाकाकडे बघून म्हणाले, "बाई, हा पाठ आधी झालाय का?"

बाई उठून उभ्या राहिल्या. सगळी मुलं मागे वळली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. बाई काय सांगणार हे त्यांना माहीत होतं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडीशी, परीक्षकांना दिसू नये इतकी. त्या क्षणी मी काही केलं असेल तर ते एवढंच. त्या मानेचा नुसता विचार मनात आला तरी अजून माझे कान गरम होतात.

"मीच सांगितलं त्यांना," बाई म्हणाल्या. "सोमवारी. इग्लूचं चित्र दाखवलं. माझी चूक झाली, सर. हिला यातलं काही ठाऊक नव्हतं."

सोमवारी बाई शाळेत नव्हत्या. हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं.

परीक्षकांनी त्यांना मुलांसमोरच सुनावलं. इतकी वर्षं नोकरी झाली तुमची, सराव पाठाचे साधे नियम माहीत नाहीत, एखाद्या मुलीचं नुकसान होतं अशाने. बाई त्या पांढऱ्या बुटांकडे बघत उभ्या होत्या. "हो सर," म्हणत होत्या. मग परीक्षक माझ्याकडे वळून समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा." आणि मी चालू ठेवलं. बर्फाच्या भिंतींच्या आत ऊब कशी टिकते, ते मी मुलांना व्यवस्थित समजावून सांगितलं.

पाठ संपल्यावर मी व्हरांड्यात बाईंना गाठलं. "थँक्यू बाई," म्हटलं.

"थँक्यू नको," त्या म्हणाल्या. "उद्या ये. शेवटचा दिवस ना तुझा? नक्की ये."

मला मार्क चांगले पडले. कॉलेजने पुढच्या बॅचसमोर मला बोलायला बोलावलं, दुर्गम शाळेतले अनुभव सांग म्हणून. मी बाईंच्या बुटांचं सांगितलं, हजेरीचं सांगितलं, साहेबांचा किस्सा तर नकलेसकट सांगितला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांचं सांगितलं नाही. बाईंनी भरून दिलेल्या दाखल्यात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशा रकान्यांसमोर शेरे होते, फक्त प्रामाणिकपणाचा रकाना कोरा होता. कॉलेजच्या क्लार्क मॅडम म्हणाल्या, रिकामं चालत नाही, राहिलं असेल चुकून. मी तिथेच पेन काढलं आणि 'उत्तम' असं लिहिलं. बाईंच्या अक्षरासारखं जमलं थोडंफार.

आता मी घाटकोपरला शिकवते. सबंध आठवड्याचं टाचण रविवारी दुपारी एका बैठकीत उरकते. त्यात कोणालाच झोप येत नाही. बाई निवृत्त झाल्याचं ऐकलं. एकदा भांडुपच्या बाजारात त्या बांगडे निवडताना दिसल्या. कोळिणीला सांगत होत्या, "हे ताजे नाहीत गो, डोळे बघ." मी मागच्या मागे वळले आणि दुसऱ्या गल्लीतून गेले. त्यांनी काही विचारलं नसतं. म्हणूनच गेले.

पण खरी गोष्ट त्या शेवटच्या दिवसाची आहे, आणि ती मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही.

दाखल्यावर सही घ्यायची होती म्हणून मी गेले. वर्गात मागच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसले. फळ्यावर दोन गैरहजरांची नावं लिहून झाली. त्यांची चौकशी झाली. मग वनिता उभी राहिली.

"बाई, सोमवारी तर तुम्ही नव्हत्या ना?"

"नव्हते," बाई म्हणाल्या.

"मग?"

"काल मी खोटं बोलले."

वनिता उभीच होती. "का, बाई?"

"ते मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "ते सांगायचं काम माझं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. फळ्याकडे वळून त्या डस्टरने फळा पुसायला लागल्या. आधीच स्वच्छ असलेला कोपरा त्यांनी कितीतरी वेळ पुसला. तेवढा वेळ त्यांनी मला दिला होता. ये म्हणाल्या होत्या ते याच्यासाठी. मला ते तिथेच कळलं, आत्ता लिहिताना कळतंय असं नाही. उठून एवढंच म्हणायचं होतं, मी बसवला होता पाठ, बाई माझ्यासाठी बोलल्या. समोर परीक्षक नव्हते. मुलं होती फक्त. माझं काहीच जाणार नव्हतं. मी फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

बाईंनी डस्टर ठेवला. हात झटकले. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं. सोमवारी आपण सगळे तलावावर जाऊ. नकाशा तिथेच बसून काढू. डबे आणा."

"नक्की ना, बाई?" मधल्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

सोळा आठवड्यांत मी त्या वर्गात हा प्रश्न एकदाही ऐकला नव्हता. बाईंनी काही सांगितलं की पोरं डबे आणायची, बस्स. बाईंनी हात पदराला पुसले.

"नक्की," त्या म्हणाल्या.

"नक्की नक्की?" आता दोघातिघांचा आवाज आला.

तेव्हाही बोलता आलं असतं. मला लाज वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी मी बोलले नाही. मधल्या सुट्टीत सही मिळाली. दाखला फाइलमध्ये घातला आणि बस चुकू नये म्हणून मी रोजच्यापेक्षा लवकर निघाले.